घरातली यंत्रं : मधूनच अडखळणारा संगणक

गेल्या दोन अंकांत आपण मिक्सर आणि इन्व्हर्टर पाहिले. या वेळचा विषय मुलांच्या खोलीतला आहे. काही घरांत हे पान आई-वडिलांनी वाचून मुलाच्या हाती द्यावं लागेल, काही घरांत मुलानेच ते अब्बूंना वाचून दाखवलेलं बरं.

गेम खेळावा की नाही, खेळला तर कोणता आणि किती वेळ, नमाजच्या वेळी पडदा बंद होतो की नाही, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवायचं आहे. या सदराचा मुद्दा पैशाचा आहे. असा संगणक घरात असेल आणि तो नीट चालत नसेल, तर दुकानदाराच्या एका वाक्यावर तीस हजार रुपये काढून द्यायचे का, एवढाच.

आमची आपा आण्याला दिलेली. आळेफाट्यावरून नगरच्या दिशेला निघालं की बेल्हे लागतं, मग आणे घाट, गुळुंचवाडीचा तो दगडाचा नैसर्गिक पूल, आणि वर पठारावर गाव. रंगदास स्वामींच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीमुळे पंचक्रोशीत नाव असलेलं, पण पाण्याला कायम ताणलेलं. आपाचं घर गावठाणात नाही, मळ्यात आहे. हे पुढे कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

भाचा सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. दीड वर्षापूर्वी त्याने पुण्याहून भाग आणून संगणक जुळवून घेतला. ड्रॉइंगचं काम त्यावरच होतं, त्याच्या बहिणीचे ऑनलाइन क्लासही त्यावरच झाले, आणि संध्याकाळी तासभर फोर्झा होरायझन नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. मार्चपासून हा खेळ मधूनच अडखळायला लागला. वीस-पंचवीस मिनिटं लोण्यासारखा चालायचा, मग एकदम गाडी झटके देत पुढे सरकायची, दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा सुरळीत. पुन्हा काही मिनिटांनी तेच. पुण्यातल्या दुकानात त्याने फोन लावला. तिकडून उत्तर आलं, कार्ड जुनं झालं, नवीन टाका, अठ्ठावीस-तीस हजारांत काम होईल.

यंदा कांद्याची पट्टी बरी आली होती. त्यातले तीस हजार दुल्हाभाईंनी भाचीच्या फार्मसीच्या फीसाठी बाजूला काढून ठेवलेले. भाच्याचं म्हणणं, फी जूनमध्ये भरायची आहे, तोवर मी सुट्टीत काम करून पैसे परत करतो. दुल्हाभाईंचं म्हणणं, खेळण्यासाठी फीचे पैसे मोडायचे नाहीत, तो डबाच विकून टाक. भाची काही बोलत नव्हती, आणि आपाला तेच जास्त लागत होतं. तिचा फोन आला, "भाई, तू एकदा येऊन बघ. कार्ड खरंच गेलं असेल तर मी मुलाला समजावते. गेलं नसेल तर तू यांना समजाव."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही आण्याला गेलो.

आधी दोष म्हणजे नेमकं काय होत होतं ते समजून घेऊ. पडद्यावरचं चलचित्र म्हणजे एकामागून एक काढलेली चित्रं. एका सेकंदात जितकी चित्रं, तितका फ्रेम रेट. सेकंदाला 60 चित्रं हवी असतील तर एक चित्र काढायला संगणकाला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. 144 चित्रांचा पडदा असेल तर सातही मिळत नाहीत. आता तव्यावरून दर मिनिटाला एक भाकरी ताटात पडते आहे असं समजा. मध्ये एकच भाकरी पाच मिनिटं अडली आणि मग चार पटापट आल्या, तर तासाची सरासरी तीच राहते. पण दस्तरखानावर रिकामं ताट घेऊन बसलेल्याला ती पाच मिनिटं कळतातच. खेळातही तेच होतं. सरासरी 85 दिसते, आणि मुलगा म्हणतो अडतंय. दोन्ही खरं असतं. 2011 साली स्कॉट वॉसन नावाच्या अमेरिकन परीक्षकाने कार्डांची परीक्षा सरासरीवर न करता एकेका चित्राला लागलेला वेळ मोजून करायला हवी हे दाखवून दिलं, आणि तेव्हापासून जाणकार परीक्षणांत तो आकडा येऊ लागला. तेव्हा मुलगा "अडतंय" म्हणत असेल आणि कोपऱ्यातला आकडा चांगला दिसत असेल, तर त्याला खोटं पाडू नका.

आम्ही पहिल्या संध्याकाळी एक चूक केली, ती कबूल करतो. मळ्यातलं घर म्हटल्याबरोबर आमच्या डोक्यात वीज आली. आजूबाजूच्या विहिरी-बोअरच्या मोटारी आणि आपाचं घर एकाच डीपीवर. थ्री-फेज आली की सगळ्या मोटारींचे ऑटो एका दमात उठतात, बल्ब मिणमिणतो, फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर 180 दिसतं. आम्हाला वाटलं, सापडला चोर. स्टॅबिलायझर आणला, यूपीएसचं बटण तपासलं, वायर बदलली, इशापर्यंत तेच चाललं. आपाने दोनदा चहा पाठवला. काहीच फरक पडला नाही.

मग शांत बसून भाच्याला विचारलं, नक्की किती वाजता अडतं? त्याला सांगता येईना. "असंच, संध्याकाळी." हा मुलगा विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण पाहून आलेला. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या तिथे आकाशाची नोंद घेत बसलेल्या असतात, त्याचे फोटो त्याने आम्हाला पाठवले होते. पण स्वतःच्या संगणकाची एक ओळ कुठे लिहून ठेवलेली नव्हती. वही घ्यायला लावली. खेळ सुरू केला ती वेळ, अडला ती वेळ, खोलीत पंखा चालू होता की बंद, वीज कशी होती. दोन दिवसांची नोंद झाली आणि वीज सुटली. त्या आठवड्यात थ्री-फेज रात्री साडेनऊनंतर येत होती आणि खेळ मात्र सातपासून अडत होता. रविवारी फजरनंतर तो तासभर खेळला, एकदाही अडला नाही.

आणि खरं तर हे आम्हाला आधीच सुचायला हवं होतं. टेबलावरच्या संगणकाला विजेचा दाब फार कमी पडला तर तो बहुधा बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. दहा सेकंद हळू होऊन पुन्हा वेग धरणं हे त्याचं लक्षण नव्हे. लॅपटॉपची गोष्ट वेगळी. दाब पडून चार्जर क्षणभर सुटला की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि बॅटरीवर तो कार्डाची ताकद मुद्दाम कमी करतो. खेळ अडतो, चार्जर परत लागला की सुटतो. तुमच्या घरी लॅपटॉप असेल तर अडतं त्या क्षणी कोपऱ्यातलं चार्जिंगचं चिन्ह बघा. चार्जरची सैल पिनही हेच करते.

दुसऱ्या संध्याकाळी ज्या एका गोष्टीने तीस हजारांचा निकाल लागला ती अगदी सोपी आहे, आणि फुकट. विंडोजचं बटण दाबून जी दाबलं की गेम बार उघडतो. त्यात कार्ड किती टक्के कामात आहे, प्रोसेसर किती, आणि फ्रेम रेट किती, हे खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात ठेवता येतं. अडतं त्या क्षणी कार्डाचा आकडा बघायचा. कार्ड 97-99 टक्क्यांवर असताना चित्रं कमी होत असतील, तर कार्डाला काम झेपत नाही. तेव्हा आधी खेळातली सावल्या-प्रतिबिंबांची सेटिंग खाली आणावी, आणि मग गरज असेल तर कार्डाचा विचार करावा. पण चित्रं कमी होतात आणि त्याच वेळी कार्डाचा आकडाही खाली येतो, तर कार्ड रिकामं बसून कुणाची तरी वाट पाहतं आहे. मग ते कुणी म्हणजे प्रोसेसर, रॅम किंवा डिस्क. पत्ता तिकडे शोधायचा.

भाच्याच्या पडद्यावर चित्रं नव्वदवरून पस्तीसला आली आणि कार्डाचा आकडा पंचाण्णववरून चाळिशीत. तीन वेळा तसंच. दुल्हाभाई मागे उभे होते. आम्ही त्यांना म्हटलं, "नवीन कार्ड घेतलं असतं तर तेही असंच वाट बघत बसलं असतं." ते काही बोलले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले.

प्रोसेसर अडकतो कशाने? त्याच्या संगणकात इंटेलचा आय-फाइव्ह 12400 एफ आहे. हा प्रोसेसर गरज पडली की 4.4 गिगाहर्ट्झपर्यंत धावतो, आणि त्याच्या तापमानाची मर्यादा 100 अंश आहे. तिथे पोहोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, थंड झाला की पुन्हा धावतो, पुन्हा तापतो. म्हणून दोष सारखा दिसत नाही, येतो-जातो. एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम हे तापमान नोंदवून ठेवतो आणि तापामुळे वेग कमी झाला असेल तर तसं "यस" म्हणून लाल अक्षरांत दाखवतो. खेळ सुरू करून वीस मिनिटांनी पाहिलं. 100, 100, 99, 100. आणि लाल "यस".

खोलीकडे नजर टाकली तर त्यात नवल नव्हतं. पत्र्याचं छप्पर, पश्चिमेची भिंत, एप्रिलचं ऊन. असरनंतर त्या भिंतीला हात लावला तर पोळतो. संगणकाची पेटी, जिला आपण घरात सरसकट सीपीयू म्हणतो, ती टेबलाच्या लाकडी कप्प्यात ढकललेली, मागून भिंतीला चिकटलेली. पुढची जाळी उघडली तर तिच्यावर गोधडीसारखा थर. पठारावरची लाल-करडी धूळ, शेजारच्या मळणीचं भुसकट आणि आपाच्या शिलाई मशीनचे दोरे. फजरनंतर भिंत आणि खोली थंड असते, म्हणून तेव्हा तेच यंत्र निभावून नेत होतं.

पेटी बाहेर काढली, मुख्य बटण बंद करून वायर काढली, चालू करायचं बटण एकदा दाबून आतली उरलेली वीज संपवली आणि अंगणात नेऊन साफ केली. पंख्यावर ब्लोअर मारताना त्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून खराब होतो. घर झाडायचा व्हॅक्यूम आत घालू नका.

इथे संपलं असं वाटलं होतं. पेटी कप्प्याबाहेर ठेवून पुन्हा खेळ लावला. आता पंचवीसऐवजी चाळीस मिनिटांनी अडला. भाचा हिरमुसला. पण उशिरा अडला, म्हणजे दिशा बरोबर होती आणि अजून काहीतरी उरलं होतं. तापमान चढण्याचा वेगही खटकत होता. खेळ सुरू केल्याबरोबर दहा सेकंदांत पंचेचाळीसवरून नव्वद. धूळ असेल तर ताप हळूहळू चढतो. असा एकदम चढतो तेव्हा बहुतेक वेळा प्रोसेसर आणि त्यावरचा कूलर एकमेकांना नीट टेकलेले नसतात.

इंटेलच्या प्रोसेसरबरोबर डब्यात जो कूलर येतो त्याला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात, त्या बोर्डाच्या भोकांत दाबून बसवायच्या. टॉर्च धरून पाहिलं तर खालच्या बाजूची एक खिट्टी वर आलेली. कूलर एका अंगाला कलून टेकलेला. कधी निसटली कोण जाणे. संगणक पुण्याहून टेम्पोत आडवा ठेवून आला होता, घाट चढून, मळ्याच्या रस्त्याने. दीड वर्ष तो तसाच चालला, कारण थंडीत आणि पावसाळ्यात निभावलं. पहिल्या उन्हाळ्यात भाचा हॉस्टेलवर होता. या उन्हाळ्यात धुळीची भर पडली.

कूलर काढला, जुनी वाळलेली पेस्ट पुसली. पेस्ट पुसायला बाजारात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. बाटलीवरचं नाव वाचून आपाने विचारलं, हे घरात चालेल का? हे पिण्याचं नव्हे, एवढं आम्ही सांगितलं. बाकी मसअला सांगणं आमचं काम नाही, ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या मौलानांना विचारावं. आम्ही त्या दिवशी कोरड्या सुती कापडानेच पुसलं आणि निघालं. नवी थर्मल पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढीच, मधोमध. जास्त लावून फायदा नाही. खिट्ट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबल्या, प्रत्येकीचा टक असा आवाज ऐकला, आणि बोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आली आहेत हे बघितलं.

त्या संध्याकाळी मगरीबनंतर दीड तास खेळ चालू ठेवला. तापमान 78 ते 82. एकदाही अडला नाही. खर्च पेस्टचा, तीनशेच्या आत. ब्लोअर शेजाऱ्यांचा.

आता भाच्याच्या बाबतीत जे नव्हतं पण तुमच्या घरी असू शकतं ते. खेळ पहिल्यांदाच नव्या भागात शिरताना अडतो आणि दुसऱ्यांदा त्याच जागी अडत नाही, तर डिस्क बघा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरचा खेळ एसएसडीवर हलवला की हे बरंच थांबतं, मात्र एसएसडी काठोकाठ भरलेली नसावी. रोज ठरावीक वेळी अडत असेल तर टास्क मॅनेजर उघडून त्या वेळी दुसरं कोण काम करतं आहे ते पाहा. व्हायरस तपासणी, विंडोजचं अपडेट, घरातल्या सगळ्यांच्या फोनचे फोटो उतरवणारा प्रोग्राम, यांतलं कुणीतरी सापडतं. ड्रायव्हर बदलल्याच्या दिवसापासून अडत असेल तर आधीचा ड्रायव्हर परत टाकून पाहा. आणि एएमडीचा रायझन असेल, दोष काही केल्या सापडत नसेल, तर बोर्डाच्या बायोसची तारीख बघा. विंडोज 10 आणि 11 वर सुरक्षेच्या एका सोयीमुळे काही रायझन संगणक मधूनच क्षणभर अडखळतात हे एएमडीने मार्च 2022 मध्ये स्वतः मान्य केलं होतं आणि त्यावरचा उपाय नव्या बायोसमधून दिला. त्याआधी अनेकांनी यावर किती पैसे आणि झोप घालवली असेल! बायोस बदलताना मात्र वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. मळ्यात राहणाऱ्यांनी यूपीएसशिवाय हे करू नये, आणि थ्री-फेज यायच्या वेळी तर नाहीच.

यांतलं काहीही करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग पाहा. आम्ही पहिल्या संध्याकाळी स्टॅबिलायझर, यूपीएस आणि वायर एकदम बदलले. फरक पडला असता तरी कशाने पडला हे कळलं नसतं.

दुकानदारावर राग धरावा असं आम्हाला वाटत नाही. फोनवर त्याला पेटी दिसत नव्हती, आणि कार्ड विकणं हा त्याचा धंदा. पण पुढच्या वेळी त्याला फोन करताना भाच्याकडे चार आकडे असतील: अडलं तेव्हा कार्ड किती टक्के, प्रोसेसर किती अंश, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, आणि खोली कशी. हे आकडे ऐकल्यावर सहसा कोणी "कार्ड बदला" म्हणत नाही. म्हणालाच, तर का ते विचारता येतं.

पेटी आता कप्प्यात नाही, टेबलावर आहे, भिंतीपासून वीतभर दूर. त्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून चुना मारायचं दुल्हाभाईंनी मनावर घेतलं आहे. ते संगणकासाठी नव्हे, भाची त्याच खोलीत अभ्यासाला बसते म्हणून. परवा त्यांनी फीची पावती आम्हाला व्हॉट्सॅपवर पाठवली, जूनची वाट न पाहता भरून टाकलेली. खाली भाच्याचा निरोप होता: "मामू, रॅमची एकच कांडी आहे, दुसरी टाकली तर आणखी सुधारेल ना?"

सुधारेल. रॅमच्या दोन सारख्या कांड्या असल्या की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते. पण ईदनंतर बघू, असं कळवलं आहे.